फुगडी : दोघींच्या विनोदाचा मागोवा

मराठी विनोदाचा इतिहास लिहूं जाणारे बहुतेक लेखक श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून आरंभ करितात, गडकरी व चिं. वि. जोशी यांच्यापाशीं थोडे रेंगाळतात, अत्रे आणि पु. ल. देशपांडे यांच्यापर्यंत येऊन पोंचतात, आणि मग समाधानानें लेखणी खालीं ठेवितात. या वंशावळींत जवळजवळ सारे पुरुषच आहेत. त्यावरून एखादा परस्थ असें अनुमान काढील कीं, मराठी स्त्रीला हंसविण्याची कला कधीं अवगतच नव्हती. परंतु ज्यानें आमच्या वर्धा जिल्ह्यांतील एखाद्या खेड्यांत भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंतचा महिना काढला आहे, त्याला या अनुमानाचेंच हंसें आल्यावांचून राहणार नाहीं.

हा महिना भुलाबाईचा. भुलाबाई म्हणजे पार्वती, भुलोबा म्हणजे शंकर. त्यांची मातीची जोडमूर्ति मांडावी, सायंकाळीं शेजारपाजारच्या मुलींनीं जमावें, टाळ्यांच्या व टिपऱ्यांच्या तालावर गाणीं म्हणावीं, आणि शेवटीं डब्यांत झांकलेला खाऊ कोणता तें ओळखावें, असा हा खेळ. कोजागरीला ज्वारीच्या धांड्यांचा मांडव करून त्यांत मूर्ति बसवितात. विदर्भ व खानदेश येथें जी भुलाबाई, तिचेंच नात्यांतलें रूप पश्चिम महाराष्ट्रांत हादगा अथवा भोंडला म्हणून ओळखलें जातें. गाण्यांचा विषय बहुधा ठरलेला : सासर आणि माहेर. त्यांतील कारल्याच्या वेलाचें गाणें कोणास ठाऊक नाहीं? सून माहेरीं जाण्याची परवानगी मागते. सासू सरळ नकार देत नाहीं. ती फक्त एक अट घालते. आधीं कारल्याचें बी पेरूं दे. बी पेरून झालें, तर वेल वाढूं दे. मग फूल, मग कारलें, मग भाजी, मग जेवण, मग उष्टीं भांडीं. प्रत्येक अट पुरी होतांच सुनेची मागणी पुन्हां त्याच शब्दांत येते, आणि सासूचें पुढलें निमित्त तयार असतें.

नाट्यशास्त्राच्या दृष्टीनें पाहिलें तर हें दोन पात्रांचें निर्दोष प्रहसन आहे. सांप्रत दूरचित्रवाणीवर ज्याला 'स्किट' म्हणतात, त्याची सर्व सामग्री येथें हजर आहे : एक मागणी, एक अडवणूक, त्याच वाक्याची पुनरावृत्ति, आणि प्रत्येक पुनरावृत्तीबरोबर वाढत जाणारा ताण. हंसें येतें तें काळाच्या गमतीमुळें. वेल उगवून फळण्यास जे महिने लागतात ते गाण्याच्या दोन मिनिटांत उलटतात, आणि सून मात्र उंबरठ्यावरच उभी. हें कोणीं रचलें, याची नोंद कोणत्याहि ग्रंथांत नाहीं. रचणारीला नांव नव्हतें आणि ऐकणाऱ्यांत पुरुष नव्हते, या दोन गोष्टी एकमेकींशीं संलग्न आहेत असें मला वाटतें. सासूची नक्कल करावयाची ती सासूच्या पाठीमागें. नवऱ्याची करावयाची ती ओसरीवर कोणी नाहीं असें पाहून. मंगळागौरीच्या रात्रीं जीं सोंगें निघत तींहि याच मर्यादेंत. स्त्रीचा विनोद होता, भरपूर होता. पण तो दाराच्या आंतला होता.

आणखी एक विशेष ध्यानांत घेण्यासारखा आहे. हा विनोद बहुधा जोडीचा असे. जात्याचा खुंटा दोघींनीं धरावा आणि ओवी एकीनें उचलावी, दुसरीनें पुढें न्यावी. पुण्याच्या हेमा राईरकर व गी प्वातवां यांनीं अशा ओव्यांचा जो संग्रह केला, तो एक लाखाच्या वर गेला आहे. त्यांत दुःख आहे तसा टोमणाहि आहे. आणि फुगडी तर एकटीला घालतांच येत नाहीं. पाय जुळवावे, हात गुंफावे, अंग मागें झोंकून द्यावें, आणि एकमेकींच्या ओढीवर गिरकी घ्यावी. एकीनें हात सैल सोडला तर दोघीहि पडतात. त्या गिरकींत जे उखाणे एकमेकींवर फेंकले जातात, त्यांत नात्यांतलें कोणीहि सुटत नाहीं. एकनाथांसारख्या कवीला या खेळाचें सामर्थ्य कळलें होतें. त्यांनीं फुगडीवर भारूड रचलें, आणि सासरच्या माणसांचा एकेक करून निकाल लावण्याकरितां देवीला रोडगा नवसणारी सूनहि त्यांनींच उभी केली. रूपक परमार्थाचें, पण आवाज निःसंशय माजघरांतला. मात्र तो आवाज चव्हाट्यावर आला तो पुरुषाच्या मुखानें.

पुढें रंगभूमीवरहि हेंच घडत गेलें. १८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं सांगलीस 'सीतास्वयंवर' केलें तेव्हां स्त्रीभूमिका मुलगेच करीत, आणि तमाशाच्या गवळणींत कृष्ण जिची वाट अडवितो ती मावशी म्हणजे लुगडें नेसलेला गडी. १९१३ सालीं फाळके यांच्या 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटांत दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या; १ जुलै १९३३ रोजीं 'नाट्यमन्वंतर' संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकांत ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्मावती वर्तक यांनीं स्त्रियांच्या भूमिका केल्या. हीं दोन्ही पाउलें मोठीं. तथापि स्त्रीला रंगभूमीवर प्रवेश मिळाला तो सौंदर्य, गायन आणि करुणा या तीन दारांनीं. हास्याचें दार तिच्यासाठीं फार उशिरां उघडलें. हंसणारी स्त्री समाजाला चालते. हंसविणारी चालण्यास वेळ लागतो, कारण हंसविणाऱ्याच्या हातीं प्रेक्षकांचीं सूत्रें असतात.

आमच्या जिल्ह्याचा अनुभव या बाबतींत बोलका आहे. १९३४ सालीं गांधीजी वर्ध्यास आले आणि १९३६ पासून शेगांवीं, म्हणजे पुढच्या सेवाग्रामीं, राहूं लागले. जमनालालजींच्या पत्नी जानकीदेवी बजाज यांनीं पडदा टाकला. येथील महिलाश्रमांत मुली शिकूं लागल्या. प्रभातफेरी, प्रार्थना, सूतकताई यांच्या निमित्तानें स्त्रिया उंबरठा ओलांडून रस्त्यावर आल्या. एवढा मोठा पालट दुसऱ्या कोणत्या जिल्ह्यानें इतक्या जवळून पाहिला असेल? पण उंबरठा ओलांडण्याचें परवानापत्र होतें गांभीर्य. ज्या बापूंना स्वतःला खळखळून हंसण्याची खोड होती, त्यांच्या भोंवतींच्या भगिनींनीं मात्र सभेंत कोणाची नक्कल करावी हें कोणाच्या स्वप्नींहि आलें नसतें. सार्वजनिक जीवनांत आली ती ओवी गंभीर झाली. टोमणा घरींच राहिला.

मग आली दूरचित्रवाणी. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबई केंद्र सुरू झालें. 'गजरा' या नांवाच्या कार्यक्रमांत लहान लहान विनोदी प्रवेश फुलांप्रमाणें एकत्र ओंवले जात. मराठींत या प्रकाराची खरी घडण तेथें झाली. १९७७ पासून 'चिमणराव' आले. पडद्यावर नांव गाजलें तें चिमणराव आणि गुंड्याभाऊ या पुरुषांच्या जोडीचें, पण त्या मालिकेच्या निर्मात्यांत विजया जोगळेकर-धुमाळे होत्या, हें विसरून चालणार नाहीं. स्त्रीच्या हातीं लेखणी व दिग्दर्शन दोन्ही असल्यास काय होतें, हें सई परांजपे यांनीं १९८४ च्या 'अडोस पडोस' या हिंदी मालिकेंत दाखविलें. हा गुण त्यांच्या घरचाच. त्यांच्या मातोश्री शकुंतलाबाई परांजपे यांची लेखणीहि खेळकर होती. त्याच १९८४ सालीं देशांत जवळजवळ रोज एक या वेगानें प्रक्षेपक उभे राहिले आणि मुंबई-पुण्याबाहेरचीं गांवें या यंत्राच्या कक्षेंत आलीं.

पण दोघी स्त्रियांनीं मिळून लिहावें, दोघींनींच करावें, आणि कार्यक्रमाला नांवहि दोघींचेंच असावें, अशी गोष्ट पाहावयाची तर विलायतेकडे वळावें लागतें. लंडनच्या सेंट्रल स्कूल ऑफ स्पीच अँड ड्रामा या संस्थेंत नाट्यशिक्षिका होण्याकरितां आलेल्या डॉन फ्रेंच आणि जेनिफर साँडर्स या तरुणींची तेथें गांठ पडली. पुढें सोहो भागांतील 'कॉमिक स्ट्रिप' नांवाच्या क्लबांत त्या दोघी आपले प्रवेश करूं लागल्या. हा क्लब भरे तो जेथें एरवीं नग्ननृत्यें चालत त्या इमारतींत. त्याच्या नांवांतला श्लेष तोच. स्त्रीदेह पाहण्यास लोक जेथें पैसे मोजीत, तेथें दोघीजणी अंगभर कपड्यांत येऊन लोकांना हंसवूं लागल्या, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. मार्च १९८७ मध्यें बी. बी. सी. वर 'फ्रेंच अँड साँडर्स' सुरू झालें. पहिल्या मालेची कल्पनाच अशी कीं, हा एक दरिद्री जलसा आहे : नेपथ्य डगमगतें, नर्तिका वयस्क, साथीदार बेभरंवशाचे, आणि सूत्रधार दोघींचें आपसांत पटत नाहीं. साँडर्स हुकूम सोडणारी, फ्रेंच लहान मुलासारखी हट्टी. अपयशाचेंच प्रहसन केल्यामुळें टीकाकारांच्या हातचें हत्यार त्यांनीं आधींच काढून घेतलें. पुढें अंगाला गाद्या बांधून दोन लठ्ठ, लंपट म्हाताऱ्यांचीं सोंगें त्यांनीं केलीं. मंगळागौरीच्या रात्रीं धोतर नेसून काकाजींची नक्कल करणाऱ्या आपल्या आत्याबाईला तीं ओळखीचीं वाटलीं असतीं. १९९० च्या सुमारास त्यांनीं एक प्रवेश केला : आई उनाड, मुलगी शहाणी. त्या बीजांतून साँडर्स हिनें १९९२ मध्यें 'ॲब्सोल्यूटली फॅब्युलस' ही स्वतंत्र मालिका वाढविली.

एका घरांतील दोन पिढ्यांच्या दोन स्त्रिया समोरासमोर आणाव्या, हें बीज मात्र दोन्हीकडे एकच. तिकडे तें मायलेकींत रुजलें. आपल्याकडे तें कारल्याच्या वेलाबरोबर केव्हांच रुजलेलें होतें. १९९४ सालीं डी. डी. मेट्रोवर 'तू तू मैं मैं' ही हिंदी मालिका सुरू झाली. पुढें ती स्टार प्लसवर गेली. सासू रीमा लागू, सून सुप्रिया पिळगांवकर, दोघीहि मराठी रंगभूमि व चित्रपट यांच्या अंगणांत वाढलेल्या. रीमाबाईंच्या मातोश्री मंदाकिनी भडभडे स्वतः नटी होत्या. सासू-सुनेच्या या जोडींत प्रत्यक्ष वयाचें अंतर सुमारें नऊ वर्षांचें, म्हणजे थोरल्या बहिणीएवढें! त्याच १९९४ सालीं 'हम आपके हैं कौन' मध्यें रीमाबाई देशाला पाझरणारी माता म्हणून दिसल्या, आणि इकडे दर आठवड्याला त्यांची भुंवई वर जातांच घरांत रणशिंग वाजूं लागलें. मुलगा आणि सासरा हे पुरुष मध्यें सांपडलेले. खेळ मात्र दोघींचा. एकीनें शब्द फेंकावा, दुसरीनें तो झेलून परत मारावा, आणि मधली स्तब्धता दोघींनीं मिळून सांभाळावी. अभिनयांतली ही फुगडीच होय.

या मालिकेनें केलेली खरी क्रांति मला दुसरीकडेच दिसते. भुलाबाईच्या गाण्यांत सासूला बाजू नाहीं. ती केवळ अडवणूक करणारी भिंत. तें गाणें सुनांनीं रचलें, सासूच्या माघारीं रचलें, म्हणून तें तसें असणें स्वाभाविक होतें. दूरचित्रवाणी मात्र बसविली जाते ती घरच्या बैठकींतच, आणि तिच्यापुढें सासू व सून एकाच सतरंजीवर बसतात. दोघींनाहि हंसवावयाचें तर दोघींनाहि बाजू द्यावी लागते. म्हणून येथें सासूलाहि सुनेइतकेच चोख उत्तर देण्याचे प्रसंग मिळाले, आणि हरण्याचेहि. जो विनोद पाठीमागें करावयाचा, तो तोंडावर झाला. उणीव राहिली ती एकच, पण मोठी : मालिकेचें दिग्दर्शन सुप्रियाबाईंचे पति सचिन पिळगांवकर यांचें. तें चांगलें होतें यांत वाद नाहीं. तरीहि फ्रेंच व साँडर्स यांचें लेखनाचें मेज दोघींचें होतें, आणि हें नव्हतें.

२०१० सालीं झी मराठीवर विनोदी प्रवेशांची जी स्पर्धा सुरू झाली तिला नांव मिळालें 'फू बाई फू'. बायकांच्या खेळांतला शब्द, तोहि दोघींवांचून न होणाऱ्या खेळांतला, एवढ्या मोठ्या पाटीवर प्रथमच चढला; पाटीखालीं मात्र पुरुषांनाहि तितकीच जागा होती. २०१८ पासून सोनी मराठीवर 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' आली. सचिन मोटे व सचिन गोस्वामी यांनीं उभारलेल्या या जत्रेंत विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, वनिता खरात यांनीं जें काम केलें आहे, त्यानंतर स्त्रीला विनोद साधत नाहीं असें म्हणणाराच हास्यास्पद ठरेल. देहाचा संकोच टाकून, सुंदर दिसण्याची आस टाकून त्या हंसवितात. ही मोकळीक १९३३ सालच्या नटीला मिळणें शक्य नव्हतें.

आमच्या बाजूची वऱ्हाडी बोली या पडद्यावर आली ती अमरावतीकडील भारत गणेशपुरे यांच्या मुखानें, आणि लोकांनीं ती उचलून धरली. वऱ्हाडी सासू आणि वऱ्हाडी सून यांचा तो जुना संवाद मात्र बहुतांशीं अजून आर्वी, देवळी, हिंगणघाटच्या अंगणांतच चालू आहे. गाणीं संपलीं कीं तेथें खाऊचा डबा कानाशीं नेऊन हलवितात, आणि आंत काय वाजतें तें सांगण्याची घाई प्रत्येकीला झालेली असते.