‘अधिक वाचा’ नेमके ओळीच्या टोकाला कसे बसते?

सोशल मीडियावरील लांब पोस्ट दोन-तीन ओळींनंतर थांबते आणि कोपऱ्यात ‘अधिक वाचा’ दिसते. पुढचा मजकूर बहुतेक वेळा पानातच असतो, फक्त झाकलेला असतो. तो कोणत्या शब्दावर झाकायचा, हे अर्थ पाहून ठरत नाही. ते वेबपानाची मांडणी सांगणाऱ्या सीएसएस या भाषेतील नियमांवरून ठरते.

फ्लोट म्हणजे काय?

वर्तमानपत्रात फोटो एका बाजूला असतो आणि बातमी त्याच्या कडेने वळते. वेबपानावर हेच काम फ्लोट करतो. 1996 मध्ये आलेल्या सीएसएसच्या पहिल्या आवृत्तीपासून ही सोय आहे. फ्लोट केलेला घटक डाव्या किंवा उजव्या कडेला सरकतो. त्याच्या शेजारच्या ओळी आखूड होतात आणि तो संपला की ओळी पुन्हा पूर्ण रुंदीच्या होतात.

ओळींवर मर्यादा कशी येते?

याचे दोन मार्ग आहेत. ‘लाइन-क्लॅम्प’ वापरल्यास ब्राउझर ओळी मोजतो आणि शेवटच्या ओळीला तीन टिंबे जोडतो. दुसऱ्या मार्गात मजकुराच्या चौकटीला कमाल उंची दिली जाते. एक ओळ 24 पिक्सेलची असेल, तर तीन ओळींसाठी 72 पिक्सेल. त्याखालचे सारे झाकले जाते. यात टिंबे आपोआप येत नाहीत.

दोन्ही एकत्र आले की?

समजा, चौकट 320 पिक्सेल रुंद आहे आणि डावीकडे 80 पिक्सेल रुंद व तितकाच उंच फोटो फ्लोट केला आहे. आता प्रत्येक ओळीला 240 पिक्सेलच उरतात. ओळी तीनच, पण मजकूर सुमारे पाऊणपट मावतो. कमाल उंची 72 असल्याने फोटोचाही खालचा 8 पिक्सेलचा भाग कापला जातो.

बटण शेवटच्या ओळीत कसे येते?

फ्लोट जिथे लिहिला आहे, त्या ओळीच्या वर जात नाही. बटण मजकुरानंतर लिहिले तर ते झाकलेल्या भागात जाते आणि आधी लिहिले तर पहिल्याच ओळीत बसते. म्हणून मजकुराआधी उजवीकडे एक अदृश्य फ्लोट ठेवतात. त्याची रुंदी शून्य आणि उंची दोन ओळींची, म्हणजे 48 पिक्सेल असते. त्यानंतर बटणालाही उजवीकडे फ्लोट करून ‘क्लिअर’ हा गुणधर्म देतात. त्यामुळे बटण त्या अदृश्य खांबाच्या खाली, तिसऱ्या ओळीच्या टोकाला येते.

अडचणी कोणत्या?

- पोस्ट एकाच ओळीची असली तरी या युक्तीत बटण दिसते. ते लपवायला सहसा जावास्क्रिप्ट लागते.
- लाइन-क्लॅम्पच्या प्रचलित पद्धतीसाठी चौकटीला ‘वेबकिट-बॉक्स’ ही मांडणी द्यावी लागते. त्यात थेट ठेवलेला फ्लोट सर्व ब्राउझरमध्ये सारखा वागत नाही.
- ओळीची उंची फार कमी ठेवली, तर देवनागरीतील शेवटच्या ओळीचे उकार कापले जाऊ शकतात.

वाचकाने काय लक्षात ठेवावे?

स्क्रीनची रुंदी, अक्षरांचा आकार किंवा बाजूचा फोटो बदलला की तुटण्याची जागाही बदलते. एखाद्या दाव्याखाली चौथ्या ओळीत ‘हा मेसेज खोटा आहे’ असे लिहिलेले असेल, तर एका फोनवर ते दिसेल आणि दुसऱ्यावर झाकले जाईल. त्यामुळे पोस्ट शेअर करण्याआधी ‘अधिक वाचा’ उघडून पाहणे केव्हाही चांगले.