शोधणे आणि शुद्ध करणे : मराठी निबंधाच्या संस्करणाचा इतिहास

'शोधणे' या मराठी क्रियापदाला दोन अर्थ आहेत. हरवलेली वस्तू हुडकणे हा एक आणि मिसळलेले हीण काढून मूळ पदार्थ निर्मळ करणे हा दुसरा. लिहिलेला मजकूर पुन्हा तपासून सुधारणे या कर्मात हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. लेखकाला नेमके काय म्हणायचे आहे ते हुडकावे लागते आणि त्याच्या आड येणारे शब्द दूर करावे लागतात. विद्यार्थ्यांच्या निबंधाच्या तपासणीत पुष्कळदा केवळ दुसरा अर्थ उरतो आणि पहिला विसरला जातो. असे का झाले, याचे उत्तर आपल्या गद्याच्या इतिहासातच सापडते.

संस्करणाची जुनी मोठी घटना म्हणजे एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, केलेले ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण. हे कार्य पाठशुद्धीचे होते. नकलाकारांच्या हातून शिरलेले अपपाठ काढून टाकणे हा त्याचा हेतू होता. ज्ञानेश्वरांचे म्हणणे अधिक सुबोध करणे हा नव्हता. पुढे रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या आरंभीच लेखनक्रियेचे निरूपण केले. अक्षराचे वळण, ओळींमधील अंतर, शाई, लेखणी, कागद यांचा इतका बारकाईने विचार क्वचितच कोणी केला असेल. परंतु तोही लेखनाच्या देहाचा विचार आहे. वाक्यापासून वाक्य कसे निघावे, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही, कारण ग्रंथाची रचना ओवीच्या चौकटीतच होत होती.

गद्यापुढे हा प्रश्न उभा राहिला तो छापखान्यामुळे. मोडी लिपीत आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे सलग लिहिली जात. शब्द तोडण्याची किंवा विरामचिन्हे देण्याची रीत नव्हती. बखरींतील वाक्ये 'करून', 'येऊन', 'जाऊन' अशा धातुसाधितांच्या साखळीने पुढे सरकतात. मोठ्याने वाचणारा आपल्या आवाजाने विराम देई आणि अर्थ लावी. मुद्रित पुस्तक मात्र एकटा वाचक मनात वाचू लागला. आवाजाचे काम आता चिन्हांना, परिच्छेदांना आणि वाक्यरचनेला करावे लागले.

या संक्रमणात मेजर थॉमस कँडी यांचे स्थान महत्त्वाचे आहे. मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात ते सहभागी होते. पुढे सरकारचे मराठी भाषांतरकार म्हणून त्यांनी दीर्घकाळ शालेय पुस्तके तपासली. मराठीत विरामचिन्हे रूढ होण्याचे श्रेय बव्हंशी त्यांच्याकडे जाते. त्यांच्या तपासणीमुळे क्रमिक पुस्तकांच्या भाषेला एकसारखेपणा आला. पण एकच हात अनेकांचे लेखन शुद्ध करू लागला की सर्वांचे लेखन त्या एका हाताचे दिसू लागते, हा धोकाही त्याच काळात प्रकट झाला. संस्कारकाने लेखकाचा दोष काढावा की त्याचा स्वभावही काढावा, हा मराठी अध्यापनातील जुना प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये सुरू केलेली 'निबंधमाला' याच पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. मराठी भाषेची तत्कालीन स्थिती हाच तिच्या आरंभीच्या निबंधाचा विषय होता. इंग्रजी वाक्यांच्या सावलीत वाढणाऱ्या मराठीविषयी त्यांची तक्रार केवळ शब्दांपुरती नव्हती. वाक्याची ठेवण परकी झाली की विचारही उसना वाटू लागतो, हे त्यांना जाणवले होते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की शास्त्रीबोवांची स्वतःची वाक्ये दीर्घ आहेत, तरीही ती दुर्बोध नाहीत. त्यांचे अवयव तोलून ठेवलेले असतात आणि वाचकाला पुढचे पाऊल कोठे पडणार याची चाहूल असते. संक्षेप म्हणजे आखूडपणा नव्हे, याचा हा उत्तम पुरावा.

गोपाळ गणेश आगरकरांची 'वाक्यमीमांसा' १८८८ मध्ये निघाली आणि त्याच वर्षी त्यांनी 'सुधारक' पत्र सुरू केले. हा योगायोग अर्थपूर्ण वाटतो. वाक्याचे पृथक्करण करून त्याच्या अवयवांचे परस्परसंबंध दाखवणारा लेखक आणि रूढीचे पृथक्करण करून तिची कारणे विचारणारा लेखक हे एकच आहेत. ज्याला कर्ता कोण हे वाक्यात दाखवता येत नाही, त्याला समाजातील कृत्याची जबाबदारीही कोणावर टाकता येत नाही.

पुढे निबंध परीक्षेत गेला आणि त्याचे रूप पालटले. सुभाषिताने आरंभ, काव्यपंक्तींची पेरणी आणि उपदेशाने शेवट असा साचा तयार झाला. तपासनिसाची तांबडी शाई ऱ्हस्व-दीर्घावर आणि अनुस्वारावर खर्च होऊ लागली. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत भर पडून ते अठरा झाले आणि उच्चारात नसलेले अनेक अनुस्वार गेले. विद्यार्थ्याचा भार हलका झाला. तपासणीची दृष्टी मात्र अक्षरावरून वाक्याकडे फारशी वळली नाही.

उत्तरपत्रिकांत नेहमी आढळणाऱ्या घडणीचे एक वाक्य नमुन्यादाखल रचून पाहू : 'विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्याद्वारे निबंधमालेची सुरुवात करण्यात आली असून त्यामुळे मराठी निबंधाच्या विकासाच्या संदर्भात अत्यंत महत्त्वपूर्ण अशा स्वरूपाचे योगदान देण्यात आले आहे, असे आपल्याला म्हणता येईल.' यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. 'द्वारे' आणि 'करण्यात आली' ही कार्यालयीन भाषांतराची देणगी आहे. इंदूर किंवा हैदराबाद येथील विद्यार्थ्याच्या लेखनात शेजारच्या भाषेची रचनाही तिला बळ देते. 'संदर्भात', 'अशा स्वरूपाचे', 'म्हणता येईल' हे शब्द काढले तरी काही हरवत नाही. उरते ते एवढेच : 'चिपळूणकरांनी निबंधमाला सुरू केली आणि मराठी निबंधाला योगदान दिले.' आता खरी अडचण दिसते. कोणते योगदान? पूर्वी शब्दांच्या गर्दीत हा प्रश्न लपून राहिला होता. विद्यार्थ्याला तो विचारला की तो पुन्हा मूळ निबंधांकडे जातो आणि कदाचित लिहितो : 'चिपळूणकरांनी निबंधमाला सुरू केली आणि मराठी निबंधाला वादाची धार दिली.' हे शेवटचे तीन शब्द शिक्षकाने पुरवायचे नसतात. ते विद्यार्थ्याला सापडावे लागतात.

वाक्यांच्या जोडणीचेही तसेच आहे. 'तसेच', 'त्याचप्रमाणे', 'थोडक्यात' हे शब्द परिच्छेदांच्या तोंडी बसवले म्हणजे विचार जुळत नाही. 'म्हणून' लिहिणाऱ्याने कारण दाखवले पाहिजे आणि 'परंतु' लिहिणाऱ्याने विरोध. मराठीला 'च', 'ही', 'तर', 'मात्र' यांसारखी लहान अव्यये आणि 'जो-तो', 'जेव्हा-तेव्हा' अशा सापेक्ष जोड्या यांचे विपुल धन लाभले आहे. 'रानड्यांनी लिहिले' आणि 'रानड्यांनीच लिहिले' यांत एका अक्षराचे अंतर आहे, पण दुसऱ्या वाक्याला पुरावा द्यावा लागतो. अशा जागी व्याकरण आणि प्रामाणिकपणा यांची सीमारेषा पुसट होते.

मराठी गद्याच्या दोन शतकांच्या वाटचालीतून अध्यापकाला एक मर्यादा आणि एक कर्तव्य हाती लागते. विद्यार्थ्याच्या वाक्यावर आपले वाक्य चढवू नये, ही मर्यादा. तो काय म्हणू पाहतो, हे त्याच्याचकडून वदवून घ्यावे, हे कर्तव्य. शुद्ध केलेला निबंध वाचून विद्यार्थ्याला हे आपलेच म्हणणे आहे असे वाटले, तरच ते संस्करण सार्थ झाले. नाहीतर कागद स्वच्छ होतो आणि लेखक हरवतो.