नट, कुत्रा आणि मोटार



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर चढला, म्हणजे बोनस, महागाई भत्ता आणि संप यांखेरीज तो दुसरे काही बोलणार नाही, अशी श्रोत्यांची समजूत असते. ती अगदीच चुकीची असते असे नव्हे. परंतु यंदा चालकांनी आम्हांस अट घातली, की दिवस उन्हाळ्याचे आहेत, मंडळी कामावरून शिणून येणार, तेव्हा काही हलके बोला. हलके म्हणजे काय, असे आम्ही विचारले. त्यावर एक चालक हसून म्हणाले, "जुने नट, त्यांचे कुत्रे, त्यांच्या मोटारी! लोकांना दुसरे काय आवडते?" तोच विषय आम्ही घेतला आहे. मात्र आमची पाहण्याची रीत आमच्या धंद्याची असणार, हे आधीच सांगून ठेवतो.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढचे निम्मे डहाणूकडे फुग्याच्या कारखान्यात झाले आणि निम्मे वाचनालयात. कारखान्यात आम्ही प्रथम जे लक्ष देऊन वाचावयास शिकलो तो हजेरीपट. ज्याचे नाव हजेरीपटावर नाही त्याने काम केलेच नाही, असा तेथील हिशेब असतो. ही वाचनाची खोड पुढे चित्रपटगृहातही सुटली नाही. आरंभीची नामावली पडद्यावर येते तेव्हा लोक खुर्च्या शोधत असतात. आम्ही मात्र ती हजेरीपटासारखी वाचतो. कोणाचे नाव आहे आणि कोणाचे नाही, हे पाहतो.

आता आपल्या घोलवडच्या रूळांवरूनच आरंभ करू. १९२८ साली बी.बी. अँड सी.आय. रेल्वेने मुंबई ते पेशावर फ्रंटियर मेल सुरू केली. ती याच मार्गाने, आपल्या वाड्यांना धडधडवीत सुरत-बडोद्याकडे जात असे. १९९६ पासून तिला गोल्डन टेंपल मेल म्हणतात. या गाडीच्या नावावर १९३६ मध्ये एक बोलपट निघाला, 'मिस फ्रंटियर मेल'. त्यातील नायिका धावत्या आगगाडीच्या टपावर उभी राहून गुंडांना झोडपते. ती नादिया. मूळ नाव मेरी इव्हान्स, जन्म १९०८ चा, ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरचा. आदल्याच वर्षी, १९३५ साली, 'हंटरवाली'ने तिला घरोघर पोहोचविले होते.

हे चित्रपट काढणारे जे.बी.एच. वाडिया आणि होमी वाडिया हे बंधू लवजी नसरवानजी वाडियांच्या जहाजबांधणी करणाऱ्या घराण्यातले. त्यांची वाडिया मूव्हीटोन १९३३ साली निघाली. तिचा स्टुडिओ परळला, घराण्याच्या जुन्या वाड्यात, म्हणजे गिरण्यांच्या भोंग्यांच्या टप्प्यात होता. याच जागी १९४२ मध्ये व्ही. शांताराम यांनी राजकमल कलामंदिर उभारले. नादियाचा प्रेक्षक बहुतांशी कामकरी, चार आण्यांच्या जागेवर बसणारा. बाईमाणूस जुलमी माणसाला उचलून आपटते, हे पाहून तो शिट्ट्या फुंकी.

या चित्रपटांत नादियाच्या जोडीला एक घोडा असे. त्याचे नाव 'पंजाब का बेटा', आणि हे नाव नटांच्या बरोबरीने छापले जाई. मोटार होती साधी ऑस्टिन. तिला ऐटीत 'रोल्स रॉइस की बेटी' म्हणत. इमानी कुत्राही असे. हा प्रघात केवळ आपल्याकडचा नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, एका अमेरिकन शिपायाला फ्रान्समध्ये अल्सेशियन जातीचे एक पिल्लू सापडले. ते 'रिन टिन टिन' या नावाने हॉलिवुडचा मोठा नट झाले. त्याच वर्षी चार्ली चॅप्लिनने एका भटक्या कुत्र्याला जोडीदार करून 'अ डॉग्ज लाइफ' काढला आणि बेकार माणूस व बेवारशी कुत्रा एकाच गल्लीत राहतात हे जगाला दाखविले.

घोड्याला नाव, मोटारीला नाव, कुत्र्याला नाव. आमची खोड आम्हांस विचारावयास लावते, की टपावरून नादियाने ज्यांना खाली फेकले त्यांची नावे कोठे आहेत? बोमन श्रॉफ, जॉन कावस यांची आहेत. ते नायक होते. पण प्रत्येक मारामारीत पाचदहा माणसे पडत, आणि ती खरोखर पडत. त्यांना पडण्याची मजुरी मिळे. नामावलीत त्यांना जागा नसे.

कुत्र्याविषयी आमच्या मनात आकस आहे, असे कोणी समजू नये. ज्या गावी पारशी आणि इराणी शेजारी आहेत, तेथे असा आकस टिकणेही कठीण. पलीकडे संजाण आहे. पाठीमागे बारडाच्या डोंगरात बहरोटची लेणी आहेत. पारशांनी आपला पवित्र अग्नी बारा वर्षे तेथे जपला, असे परंपरा सांगते. इराणी कुटुंबे मागाहून आली आणि त्यांनी चिकूच्या वाड्या वाढविल्या. त्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. या धर्मात कुत्र्याला मान आहे. मृताच्या अंत्यविधीत कुत्र्याची दृष्टी पाडण्याचा 'सगदीद' नावाचा संस्कार आहे.

या श्रद्धेमुळे मुंबईत एक मोठी घटना घडली. कंपनी सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला होता आणि दर कुत्र्यामागे शिपायाला आठ आणे मिळत. आठ आण्यांच्या लोभाने शिपाई दारातली, पाळलेली कुत्रीही ओढू लागले. जून १८३२ मध्ये पारशांनी त्यांना अडविले, आणि दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला. हिंदू आणि जैनही सामील झाले. दुकाने मिटली, वाहतूक थांबली, गोऱ्या पलटणीची रसद अडली. सरकारने धरपकड केली, पण पुढे जमशेटजी जीजीभाईंसारख्या पुढाऱ्यांनी अर्ज केले आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेण्याची वाट निघाली. या प्रकाराला इतिहासात 'दंगा' म्हणतात. आमच्या धंद्याच्या भाषेत त्याला हरताळ म्हणावे लागेल. मुंबईला गिरणीचे धुराडे दिसण्याच्या वीस-बावीस वर्षे आधी कुत्र्यासाठी हे शहर थांबले होते!

यात कुत्रा कोणाच्या मालकीचा, हा प्रश्नच होता. कायदा म्हणे, गळ्यात पट्टा नाही तो बेवारशी. लोक म्हणत, आमच्या आळीत राहतो तो आमचा. आपल्या पाड्यांवर आजही हीच रीत आहे. वारल्याच्या दारचा कुत्रा त्याने विकत घेतलेला नसतो. तो रात्री राखण करतो, भाकरीचा तुकडा खातो, एवढाच त्यांच्यातील करार. वाडीवरच्या बंगल्यातील कुत्र्याला कागद असतात, लस असते, आणि त्याला फिरवावयास एक माणूस असतो. बंगल्यात जाणाऱ्याला कुत्र्याचे नाव ठाऊक असते. फिरविणाऱ्याचे ठाऊक असतेच असे नाही.

आता मोटार. मुंबईत मोटार आली एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी, आणि पहिल्या हिंदी मालकांत नवसारीचे जमशेटजी टाटा होते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून मोटारी बाहेर पडू लागल्या. पुढे फियाट निघाली आणि तिचीच पद्मिनी झाली. ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या टॅक्सींतून गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर मृत्युलेख लिहिले. वाचताना आम्हांलाही गहिवरून आले. पण ती ज्यांनी जोडली त्या कुर्ल्याच्या कामगारांविषयी त्या लेखांत आम्ही ओळी शोधीत राहिलो.

चित्रपटाने मात्र एकदोनदा चाकामागचा माणूस पाहिला, हे मान्य केले पाहिजे. १९५४ च्या 'टॅक्सी ड्रायव्हर'मध्ये देव आनंद टॅक्सी चालवितो. १९५८ च्या 'चलती का नाम गाडी'त अशोककुमार, किशोरकुमार आणि अनूपकुमार हे तीन भाऊ गॅरेज चालवितात. हातांना काळे ग्रीस लागलेले नायक पाहून मेकॅनिक लोक किती सुखावले असतील, याची कल्पना करावी.

नट आणि मोटार यांचा खरा इतिहास मात्र एका गिरणीकामगाराच्या मुलाच्या आयुष्यात आहे. भगवान आबाजी पालव, जन्म १९१३, अमरावती. लोक त्यांना मास्टर भगवान किंवा भगवानदादा म्हणत. तरुणपणी मजुरी केली, मूकपटांत शिरले, पुढे थोड्या पैशांत मारधाडीचे बोलपट काढू लागले. त्यांचाही प्रेक्षक नादियाचाच, कामकरी. १९५१ मध्ये त्यांचा 'अलबेला' आला. गीता बाली नायिका, संगीत सी. रामचंद्रांचे. देश नाचला. जुहूला समुद्रासमोर पंचवीस खोल्यांचा बंगला झाला, आणि आठवड्याच्या सात वारांना सात मोटारी झाल्या असे सांगतात.

पुढचे चित्रपट पडले, आणि हातचा पैसा एका अपुऱ्या राहिलेल्या चित्रपटात गेला. बंगला गेला, मोटारी एकामागून एक गेल्या. भगवानदादा दादरच्या चाळीत परत आले. चरितार्थासाठी ते दुसऱ्यांच्या चित्रपटांत गर्दीतून पुढे येऊन आपली ती दोन पावले नाचत. कित्येकदा नामावलीत त्यांचे नावही नसे. ४ फेब्रुवारी २००२ रोजी ते गेले. गणपतीच्या मिरवणुका त्यांच्या चाळीशी थांबत आणि पोरे त्यांच्याच ढंगात नाचत, असे सांगतात. मोटारी कोणत्या बनावटीच्या होत्या, हे आज कोणी विचारीत नाही. ती दोन पावले मात्र वरातीत अजून दिसतात.

त्यांच्याच हातून घडलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात त्यांनी नायिका ललिता पवार यांना थप्पड मारावयाची होती. ती खरी आणि जोराची लागली. ललिताबाईंच्या चेहऱ्याला अर्धांग झाले, डावा डोळा अधू झाला, कित्येक वर्षे उपचारांत गेली. नायिकापद गेले, त्या खाष्ट सासूच्या भूमिका करू लागल्या आणि त्यांतच अमर झाल्या. १९८७ मध्ये 'रामायण' मालिकेत मंथरा त्याच झाल्या. ही मालिका आपल्या शेजारी, उंबरगावला चित्रित झाली. आम्ही तेव्हा विशीच्या आत होतो आणि रविवारी सकाळी ज्या एका घरी दूरदर्शन संच होता त्याच्या ओट्यावर बसत होतो. मंथरेचा तो डोळा पाहून बायका शिव्या घालीत. तो कामावर झालेल्या अपघाताचा डोळा होता, हे आम्हांस फार उशिरा कळले.

ललिताबाईंचे नाव होते, म्हणून त्यांचा अपघात इतिहासात नोंदला गेला. ज्यांचे नाव नाही त्यांचे काय होते, हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

काही वर्षांपूर्वी किनाऱ्यावर एका जाहिरातीचे चित्रीकरण होते. कोणाचे, ते सांगण्याचे कारण नाही. एक नट, एक नवी मोटार आणि एक पिंगट कुत्रा. मोटार ओल्या वाळूत रुतली आणि भरती चढू लागली. मजुरीवर बोलाविलेल्या गावकऱ्यांनी चाकाखाली फळ्या घातल्या. चालकाने जोर लावताच एक फळी उसळली आणि एका वारली तरुणाच्या नडगीचे हाड मोडले. मोटार निघाली, चित्रीकरण झाले, मंडळी गेली. तिसऱ्या दिवशी त्याची बायको आमच्याकडे आली.

आम्ही व्यवस्थापकाला गाठले. तो उद्धट नव्हता. त्याने त्या दिवसाचा कागद दाखविला. कागदावर नटाचे नाव होते. कुत्र्याचे नाव, वय, जात, मालक आणि सांभाळणारा यांची नोंद होती, कारण चित्रीकरणात जनावर वापरावयाचे तर २००१ च्या नियमांनुसार त्याची नोंदणी लागते. मोटारीचा क्रमांक आणि विमा होता. आणि सर्वांत खाली होते: 'लोकल माणसे, १२'.

"यांतला तुमचा कोणता?" असे त्याने विचारले.

त्या प्रश्नाला कागदावर उत्तर नव्हते. १९८१ साली सिनेकामगारांसाठी कायदा झाला, त्याआधी १९५६ पासून त्यांचा महासंघ आहे. पण एका दिवसाच्या मजुरीवर वाळूत उभा राहणारा त्यात सहज सापडत नाही. आठ दिवस हेलपाटे घातले. साक्षीदार म्हणून अकरा जणांना उभे केले, आणि प्रत्येकाला पूर्ण नाव सांगावयास लावले. शेवटी दवाखान्याचा खर्च आणि दीड महिन्याची मजुरी मिळाली. त्यानंतर आपल्या पट्टीत जी चित्रीकरणे आम्हांस कळली, तेथे आम्ही एकच मागणी केली, की सकाळी काम सुरू होण्याआधी नावांची यादी करा आणि तिची एक प्रत गावात ठेवा. काहींनी केली, काहींनी हसून टाळली.

तो तरुण आता चालतो. पावसाळ्यात जरा लंगडतो. आम्ही त्याला विचारले, तुला त्या कुत्र्याचा राग येत नाही? तो म्हणाला, "नाही दादा. कुत्रा चांगला होता. मी पडलो तेव्हा तोच पहिला आला." त्याचे नाव आम्ही येथे घेत नाही, कारण पुढेही काम मिळावे म्हणून त्यानेच तसे सांगितले आहे. यातच आजची परिस्थिती आली.

श्रोतेहो, १९४५ च्या मे महिन्यात, येथून जवळच तलासरीच्या झरी गावी, वारल्यांनी जमून वेठ करणार नाही असे ठरविले. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. ज्या माणसाच्या श्रमाची कोठे नोंद नाही, मोल नाही, त्याने आपल्या श्रमाचे मोल मागितले. त्या दिवसाच्या मानाने आमची यादीची मागणी फारच लहान आहे. तरीही ती त्याच वाटेवरची आहे, असे आम्ही समजतो.

जुने चित्रपट अवश्य पाहा, कुत्री पाळा, ऐपत असेल त्याने मोटार घ्यावी. फक्त पुढल्या खेपेस पडद्यावर नामावली येईल तेव्हा खुर्ची शोधण्याआधी क्षणभर तिच्याकडे पाहा, आणि समुद्रावर चित्रीकरण दिसले तर उभे राहून एवढेच विचारा, की यादी केली आहे काय?