जुन्या फोर बाय फोरपासून स्वस्तात बग्गी बनते, पण ती चालवायची कुठे?

इन्स्टाग्रामवर एक रील हमखास समोर येते. गंजलेली जिप्सी, छप्पर आणि दारं कापलेली, वर पाइपांचा पिंजरा, खाली जाडजूड टायर आणि मागे उडणारी वाळू. खाली कमेंट असते, ‘भाई, किती खर्च आला?’

वसईच्या किल्ल्याला लागून असलेल्या पाचूबंदरसारख्या गावात राहणाऱ्या पोराला तर हे अगदी हाताशी आल्यासारखं वाटतं. समोर समुद्र, शेजारी खाडी, गावात बोटींमुळे वेल्डिंग आणि डिझेल इंजिनाची कामं जाणणारी माणसं. मग अडचण कुठे आहे?

अडचण बनवण्यात कमी आणि चालवण्यात जास्त आहे. दोन्ही गोष्टी नीट समजून घेऊ.

बग्गी म्हणजे नेमकं काय?

वाळूवर चालणारी हलकी, उघडी गाडी म्हणजे बग्गी. तिला जगभर ओळख मिळाली ती कॅलिफोर्नियात. ब्रूस मेयर्स यांनी 1964 मध्ये फोक्सवॅगन बीटलचे भाग वापरून फायबरग्लासची ‘मेयर्स मँक्स’ बनवली. तिला फोर बाय फोर नव्हतं. इंजिन मागे, ताकद मागच्या चाकांना आणि वजन अगदी कमी. वाळूत न रुतण्याचं तिचं गुपित हेच होतं.

आपल्याकडे फोर बाय फोर जुन्या गाडीत आयतं मिळतं, वजन मात्र आपल्यालाच उतरवावं लागतं.

कोणती जुनी गाडी चालते?

ज्या गाडीची चॅसी वेगळी आणि बॉडी वेगळी असते, तीच. बॉडी उतरवली तरी अशा गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स, अॅक्सल सगळं चॅसीवर जागच्या जागी राहतं.

आपल्याकडे यात दोन नावं आधी येतात. पहिलं, महिंद्राच्या जुन्या जीप. कंपनीने 1947 मध्ये विलीस जीपची जुळणी सुरू केली आणि पुढची कित्येक मॉडेलं त्याच घराण्यातली. दुसरं, 1985 मध्ये आलेली मारुती जिप्सी. सुरुवातीला 970 सीसी आणि नंतर ‘किंग’ मॉडेलमध्ये 1298 सीसी इंजिन. वजनाला हलकी, साधारण एक टनाच्या आसपास, म्हणून बग्गीवाल्यांची आवडती.

साध्या हॅचबॅक कारची बॉडी कापायला जाऊ नये. तिथे बॉडी हाच सांगाडा असतो. छप्पर कापलं की ताकदच जाते.

खरेदीच्या वेळी काय बघायचं?

इंजिनाचा आवाज नंतर. आधी गाडीखाली झोपायचं. चॅसीवर हातोडीने ठोकत जायचं. टणक आवाज आला तर ठीक, भसकन आवाज आला किंवा पापुद्रे निघाले तर आतून गंज खाल्लेला आहे. स्प्रिंगचे हँगर आणि चॅसीचे आडवे दांडे विशेष तपासायचे. किनाऱ्यावर वापरलेली गाडी वरून चकचकीत आणि खालून पोकळ असू शकते.

मग कागद. आरसीवरचा चॅसी नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर जुळलाच पाहिजे. बिनकागदाची गाडी स्वस्त मिळते, पण ती चोरीची निघाली तर ‘मी फक्त स्पेअरसाठी घेतली होती’ हे उत्तर पोलीस ठाण्यात पुरत नाही.

पैसे कुठे वाचवायचे, कुठे नाही?

बजेटमध्ये काम करायचं तर मूळ इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि अॅक्सल तेच ठेवावेत. दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवायला गेलं की माउंटिंग, शाफ्टची लांबी, रेडिएटर, वायरिंग सगळं बदलतं आणि हिशोब तिथेच कोसळतो. सीट, मीटर, दिवे भंगारातून आणले तरी चालतात.

तीन गोष्टींत मात्र काटकसर नको.

पहिली, पिंजरा म्हणजे रोल केज. गाडी उलटली की माणूस आणि जमीन यांच्यामध्ये फक्त तोच असतो. पाण्याचा जीआय पाइप यासाठी वापरू नये. तो या कामासाठी बनलेला नसतो आणि वेल्डिंग करताना त्याच्या जस्ताचा विषारी धूर निघतो. जागतिक मोटरस्पोर्ट संघटना एफआयएच्या नियमांत मुख्य कमानीसाठी 45 मिलिमीटर व्यासाचा आणि 2.5 मिलिमीटर जाडीचा, किंवा 50 बाय 2 मिलिमीटरचा, सीमलेस स्टीलचा पाइप लागतो. चौकोन दाबला की वाकतो, त्रिकोण वाकत नाही, म्हणून पिंजऱ्यात तिरके पाइप हवेतच. पिंजऱ्याचे पाय पातळ पत्र्यावर न ठेवता जाड प्लेट लावून चॅसीशी जोडावेत.

दुसरी, पट्टा आणि हेल्मेट. पट्टा नसेल तर चांगला पिंजराही उपयोगाचा नाही, कारण उलटताना माणूस बाहेर फेकला जातो आणि तोच पिंजरा त्याच्या अंगावर येतो.

तिसरी, ब्रेक आणि स्टिअरिंग. ब्रेकचे पाइप आणि सिलिंडर नवेच टाकावेत. पेट्रोलची टाकी सीटपासून दूर, मध्ये पत्र्याचा आडोसा, हाताशी एक मेन स्विच आणि आग विझवायचा सिलिंडर.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. बॉडी उतरवली की वजन घटतं, पण पाट्याच्या स्प्रिंगा जुन्या वजनाच्याच राहतात. मग गाडी दगडासारखी आदळते. जाणकार मेकॅनिककडून एखाद-दुसरा पाटा कमी करून घ्यावा लागतो.

पाचूबंदरला खारं पाणी काय करतं?

कोळी बांधवांना हे वेगळं सांगायला नको. बोटीच्या पंख्याजवळ जस्ताचा तुकडा लावतात, तो स्वतः झिजतो आणि बाकीचं लोखंड वाचवतो. हा उपाय गाडीला लागू पडत नाही, कारण तो तुकडा सतत पाण्यात बुडालेला असावा लागतो. गाडीला एकच औषध, ते म्हणजे प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने खालून धुणं आणि ग्रीस भरणं. पिंजऱ्याच्या पाइपात पाणी शिरलं तर तो आतून गंजतो आणि बाहेरून कळतही नाही. त्यामुळे बनवण्याचा खर्च एकदाच होतो, सांभाळण्याचा मात्र कायम चालू राहतो.

वाळूचं गणितही वेगळं. टायरची हवा साधारण 15 ते 18 पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि रुतत नाही. पण खाडीच्या तोंडाशी वाळूखाली गाळ असतो, तिथे फोर बाय फोरही हात टेकतं. वर भरती. या किनाऱ्यावर उधाणाला पाण्याची चढउतार 4 ते 5 मीटरपर्यंत जाते. गाडी रुतली तर पाणी ट्रॅक्टरची वाट बघत नाही. जून 2024 मध्ये कच्छमधल्या मुंद्र्याच्या किनाऱ्यावर रीलसाठी दोन थार पाण्यात घातल्या गेल्या आणि अडकल्या. पोलिसांनी गुन्हा नोंदवला.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनासारखा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 च्या निकालात हेच ठळकपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ नुसार मालकाला अशा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. दारं काढली, छप्पर काढलं, पिंजरा लावला, टायर बदलले, आता मोजा.

‘पण आपण रस्त्यावर नेणारच नाही, फक्त बीचवर चालवू,’ असं अनेकांना वाटतं. इथेच मोठा गैरसमज आहे. कलम 2(34) मध्ये ‘सार्वजनिक ठिकाण’ म्हणजे फक्त रस्ता नाही, तर लोकांना जाण्याचा हक्क असलेली कोणतीही जागा. समुद्रकिनारा त्यातच येतो. आणि कलम 39 नुसार सार्वजनिक ठिकाणी नोंदणीशिवाय गाडी चालवता येत नाही.

गाडी कायमची मोडीत काढली तर 14 दिवसांत आरटीओला कळवण्याची जबाबदारीही मालकाची आहे.

दत्तात्रय लोहारांचं काय झालं?

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार आठवतात? भंगारातल्या भागांपासून, किकने सुरू होणारी छोटी जीप त्यांनी बनवली. खर्च साधारण 60,000 रुपये झाल्याच्या बातम्या होत्या. डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं, पण ही गाडी नियमांत बसत नाही, प्रशासन आज ना उद्या ती थांबवेल, हेही त्याच वेळी सांगितलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली. लोकांना बोलेरो लक्षात राहिली. पण तिच्यामागचं कारण हेच होतं की इतकी कौतुकाची गाडीसुद्धा रस्त्यावर टिकणार नव्हती.

मग बग्गी चालवायची कुठे?

बंदिस्त खासगी जागेत, जमीनमालकाच्या परवानगीने. तिथपर्यंत ती स्वतःच्या चाकांवर न्यायची नाही, टेम्पोवर चढवून न्यायची. किंवा ऑफरोड स्पर्धेत. गोव्यात 2014 पासून रेनफॉरेस्ट चॅलेंजसारखी स्पर्धा भरलेली आहे. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी तर सरळ वाट आहे, 2007 मध्ये पिथमपूरला सुरू झालेली ‘बाहा एसएई इंडिया’. तिथे कॉलेजची टीम एका सीटची बग्गी स्वतः डिझाइन करते आणि पिंजऱ्यापासून ब्रेकपर्यंत तपासणी पास झाल्याशिवाय ट्रॅकवर जाता येत नाही.

पाचूबंदरच्या वाळूचं म्हणाल, तर ती रिकामी नाहीच. तिथे बोटी लागतात, जाळी विणली जातात, मासळी वाळत पडते. रीलमध्ये जे मोकळं मैदान दिसतं, ते कुणाच्या तरी रोजच्या कामाची जागा असते. बग्गीचे सुटे भाग भंगारात मिळतील, वेल्डर गावातच मिळेल. पण पहिला पाइप कापण्याआधी ती चालवायची जागा शोधा. ती नक्की झाली, की मगच कमेंटमधल्या त्या प्रश्नाचा हिशोब मांडायला बसा.