अणुबॉम्बपासून उशापर्यंत
दमेकऱ्याच्या उशाशी घूं घूं करणाऱ्या हवा गाळणाऱ्या यंत्राचं मूळ थेट लष्करी. दुसऱ्या महायुद्धात जर्मन गॅस मास्कमधला गाळणकागद दोस्तांच्या हाती लागला. त्याच धर्तीचे फिल्टर अमेरिकेने अणुबॉम्ब प्रकल्पात किरणोत्सारी धूळ अडवायला वापरले. हाच या यंत्रातल्या ‘हेपा’ फिल्टरचा पूर्वज. हेपा ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण धरतो.

घरगुती फिल्टर आला तो काजळीपायी: १९६३ साली जर्मनीत हॅमेस बंधूंनी कोळशाच्या शेगडीसाठी काढलेला.

त्याच दशकात नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी दमा चाळवणारा धुळीतला खरा चोर पकडला, धूलिकीटक. पण त्याची विष्ठा जड. गादी झटकली की उडते, जरा वेळाने खाली बसते; यंत्राच्या तोंडी लागतेच कुठे? मांजराचे बारीक कण मात्र तासन्‌तास तरंगतात आणि फिल्टरच्या करड्या घड्यांत अडकतात.