चौकटीतील खुणा आणि पसंतीचा क्रम : पीएचपीमध्ये घ्यावयाची दक्षता

शाहूवाडी (प्रतिनिधी) : अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून राज्यभर लागू झाली आणि शाहूवाडीसारख्या डोंगराळ तालुक्यातील विद्यार्थ्यांनाही संगणकावर महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरावा लागला. किमान एक व कमाल दहा महाविद्यालये निवडण्याची मुभा त्या वर्षी होती. अशा प्रक्रियेत गुण जितके महत्त्वाचे, तितकाच पसंतीचा क्रमही. तालुक्यातील शाळा, ग्रंथालये व सहकारी संस्थांनाही आता स्वतःच्या संकेतस्थळावर लहानमोठे अर्ज ठेवावे लागतात. त्यासाठी पीएचपी ही संगणकभाषा सर्रास वापरली जाते. या अर्जांतील 'चेकबॉक्स', म्हणजे खूण करावयाच्या चौकटी, दिसायला सोप्या असल्या तरी त्यांची माहिती हाताळताना हमखास चुका होतात. त्या कशा टाळाव्यात, याची ही माहिती.

भाषेची पार्श्वभूमी

रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये पीएचपीची पहिली साधने सर्वांसाठी खुली केली. अर्जातून आलेली माहिती वाचणे हे या भाषेचे आरंभापासूनचे काम. पुढे तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. २०२० मध्ये आठवी आवृत्ती आली. चौकटींबाबतचे मूळ नियम मात्र फारसे बदललेले नाहीत.

एक उदाहरण

समजा, एका शाळेने दहावीच्या विद्यार्थ्यांकडून 'कोणत्या गावी शिकणे सोयीचे' याची माहिती मागवली. पानावर कोल्हापूर, बांबवडे, मलकापूर, सरूड अशा चार चौकटी अकारविल्हे मांडल्या. आंब्याच्या एका विद्यार्थिनीने घराजवळचे म्हणून प्रथम मलकापूरवर खूण केली, मग बांबवड्यावर आणि शेवटी कोल्हापूरवर. सर्व्हरवर काय पोहोचले? कोल्हापूर, बांबवडे, मलकापूर. म्हणजे तिच्या मनातील क्रमाच्या नेमके उलट!

याचे कारण असे, की ब्राउझर चौकटींची माहिती पानावरील मांडणीच्या क्रमाने पाठवतो. खूण आधी कोणती केली याची तो नोंद ठेवत नाही. म्हणूनच चौकट 'हवे की नको' एवढेच सांगू शकते, 'आधी कोणते' हे सांगू शकत नाही. आलेल्या यादीलाच पसंतीक्रम मानले, तर सर्वांत दूरचे गाव त्या मुलीची पहिली पसंती ठरेल.

नावापुढील चौकोनी कंस

चारही चौकटींना एकच नाव दिले आणि पुढे काही लिहिले नाही, तर पीएचपी त्यांतील शेवटचे मूल्य तेवढे ठेवते. वरील उदाहरणात केवळ मलकापूर उरेल, बाकीची दोन गावे निमूटपणे गळतील. नावापुढे रिकामे चौकोनी कंस लिहिले, की सर्व मूल्ये 'अ‍ॅरे' म्हणून, म्हणजे क्रमवार यादीच्या रूपात मिळतात. प्रत्येक चौकटीला स्वतःचे मूल्य देणेही आवश्यक आहे. ते नसल्यास खूण केलेल्या प्रत्येक चौकटीकडून केवळ 'ऑन' हा शब्द येतो.

खूण नसेल तर

खूण न केलेली चौकट काहीच पाठवत नाही, 'नाही' असेही कळवत नाही. एकही खूण नसेल तर ते नावच सर्व्हरवर पोहोचत नाही. म्हणून नाव आले आहे का, हे 'इजसेट'ने आधी पाहावे आणि नसल्यास रिकामी यादी गृहीत धरावी. असे न केल्यास आठव्या आवृत्तीत इशारा झळकतो. 'होय-नाही' स्वरूपाच्या एकट्या चौकटीसाठी तिच्याआधी त्याच नावाचा, शून्य मूल्याचा अदृश्य रकाना ठेवण्याची युक्ती उपयोगी पडते. खूण नसेल तर शून्य पोहोचते आणि खूण असेल तर नंतरचे मूल्य त्याची जागा घेते.

आलेल्या माहितीची छाननी

पानावर चारच गावे आहेत, म्हणून चारच येतील असे समजू नये. ब्राउझरबाहेरून कोणीही हवे ते मूल्य पाठवू शकतो. मान्य गावांची यादी सर्व्हरवर ठेवून 'अ‍ॅरे-इंटरसेक्ट' या क्रियेने तुलना करावी. येथे एक बारकावा आहे. या क्रियेत जी यादी प्रथम लिहिली, तिचा क्रम निकालात टिकतो. मान्य यादी प्रथम लिहिल्यास निकाल तिच्या क्रमाने लागतो आणि आलेली यादी प्रथम लिहिल्यास आलेल्या क्रमाने.

खरा क्रम कसा मिळवावा

क्रम हवा असेल, तर तो स्पष्टपणे विचारावा. प्रत्येक गावापुढे १ ते ४ अंकांची निवडसूची द्यावी आणि नावापुढील कंसात त्या गावाचा सांकेतिक शब्द लिहावा. रिकाम्या नोंदी वगळून 'एसॉर्ट' वापरावे. ही क्रिया अंकांनुसार क्रम लावते आणि गावाची त्याच्या अंकाशी असलेली जोडी तोडत नाही. साध्या 'सॉर्ट'ने ही जोडी तुटते आणि हाती नुसते अंक राहतात. तत्पूर्वी एकच अंक दोनदा आला नाही ना, मधला अंक सुटला नाही ना, हे तपासावे. चूक आढळल्यास अर्ज परत दाखवावा, स्वतः अंदाज बांधू नये.

मराठी अंक व अक्षरे

निवडसूचीत दिसणारे अंक देवनागरी असले तरी चालतील, परंतु पाठवले जाणारे मूल्य इंग्रजी अंकांतच हवे. देवनागरी अंकांना पीएचपी संख्या मानत नाही, मजकूर मानते. परिणामी '१०' हे '२' च्या आधी लागते. गावांची नावे अकारविल्हे लावतानाही अशीच अडचण येते. युनिकोडमध्ये 'ळ'चे स्थान 'ल'नंतर लगेच आहे, तर मराठी वर्णमालेत ते 'ह'नंतर. त्यासाठी 'इंटल' या जोडसंचातील 'कोलेटर' मराठीसाठी योजावा.

मोठ्या याद्या आणि साठवण

२०१२ मध्ये आलेल्या ५.३.९ या आवृत्तीपासून एका अर्जातून स्वीकारावयाच्या मूल्यांवर मर्यादा आहे. मूळ मांडणीत ती १,००० असते. त्यापुढील नोंदी सोडून दिल्या जातात आणि अर्ज भरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. शेकडो नावांच्या हजेरीपत्रकांसाठी हे ध्यानात ठेवावे.

माहिती साठवताना स्वल्पविरामांनी जोडलेली एकच ओळ करू नये. प्रत्येक पसंतीची स्वतंत्र नोंद आणि तिच्यासोबत क्रमांक ठेवावा. वाचताना 'ऑर्डर बाय' न लिहिल्यास डेटाबेस क्रमाची हमी देत नाही.

सरतेशेवटी, अर्ज स्वीकारल्यावर क्रमासह संपूर्ण यादी अर्जदाराला पुन्हा दाखवावी आणि त्याची संमती घ्यावी. आंब्याच्या त्या मुलीला आपली यादी उलटी झाल्याचे त्याच क्षणी दिसेल. प्रवेशाची यादी लागल्यावर ते कळून उपयोग नसतो.