जोडी-तुलना पद्धत म्हणजे काय? सोसायटीचा निर्णय मोबाईलवर घेताना

आमच्या ४० फ्लॅटच्या सोसायटीत शिल्लक निधी कशावर खर्चायचा, असा प्रश्न आला. मी लगेच व्हॉट्सॲपवर पोल टाकला. सीसीटीव्हीला १४ मतं, सोलरला ९, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला ८, बागेला ५, नव्या गेटला ४. सीसीटीव्ही जिंकला, असं मी जाहीरही करून टाकलं. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अरे, २६ घरांना तर दुसरंच काहीतरी हवंय ना?" त्यांच्या हॉलमध्ये पावसाळाभर बादली असते. मला उत्तर सुचलं नाही.

साध्या पोलची अडचण हीच. पर्याय जास्त असले की मतं फुटतात. जोडी-तुलनेत सगळे पर्याय एकदम समोर ठेवत नाहीत, दोन-दोन ठेवतात: गच्ची की सीसीटीव्ही, आधी काय? पाच पर्यायांच्या जोड्या होतात ५ × ४ ÷ २, म्हणजे १०. मी गूगल फॉर्ममध्ये १० प्रश्न केले आणि वर फ्लॅट नंबर विचारला, नाहीतर एकाच घरातून चार मतं येतात. (मत गुप्त राहत नाही, हा तोटा आहेच.) मग प्रत्येक जोडीत कोण जिंकलं ते मोजायचं. जो पर्याय बाकी सगळ्यांना समोरासमोर हरवतो, तो विजेता. आमच्याकडे गच्चीने सीसीटीव्हीला २४-१६ने हरवलं, आणि उरलेल्या तिघांनाही.

कल्पना जुनी आहे. फ्रेंच गणितज्ञ कोंदोर्से याने १७८५ मध्ये ती मांडली, आणि तिच्यातली खोचही त्यानेच दाखवली: अ ने ब ला हरवलं, ब ने क ला, आणि क ने अ ला, असं चक्र होऊ शकतं. दगड-कागद-कात्रीसारखं. असं झालं तर काय करायचं, हे मतदानाआधीच ठरवून ग्रुपवर लिहून ठेवा. नंतर ठरवलं की भांडण नक्की.

पर्याय १० झाले तर जोड्या ४५ होतात, आणि एवढा फॉर्म कोणीच भरत नाही. 'ऑल अवर आयडियाज' या वेबसाइटने यावर सोपा तोडगा काढला: प्रत्येकाला यादीतल्या काहीच जोड्या दाखवायच्या, हव्या तेवढ्याच सोडवायच्या, आणि स्वतःची कल्पनाही टाकायची मुभा. न्यूयॉर्कच्या महापौर कार्यालयाने शहराच्या पर्यावरण योजनेसाठी ती वापरली. सुरुवातीला २५ कल्पना दिल्या होत्या. शेवटी पहिल्या १० मधल्या ८ लोकांनीच सुचवलेल्या निघाल्या! मला हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते, कारण आमच्या फॉर्मचे पाचही पर्याय मीच लिहिले होते.

एक चूक मात्र तुम्ही करू नका. मी कोटेशन न मागवताच फॉर्म फिरवला. गच्चीचा खर्च निधीपेक्षा जास्त निघाला, त्यामुळे यंदा अर्धीच गच्ची झाली. काकूंच्या हॉलवरची आधी घेतली.